धुक्यात दोनदा दिवा

माझी मुलगी दात बनवते. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हळूच ओठ मिटून घेतो. दातांच्या डॉक्टरांकडून तिच्या लॅबमध्ये साचे येतात. त्यावरून ती कवळ्या आणि कॅप घडवते, घासते, रंग देते. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. तिथे ओळीने टेबलं मांडलेली आहेत, प्रत्येकावर वाकड्या मानेचा दिवा आणि सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी. ती घरी येते तेव्हा भुवया पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या असतात. पांढरा म्हणून एक रंग नसतोच, असं ती म्हणते. पिवळट पांढरा, राखट पांढरा, चहा पिणाऱ्याचा पांढरा, तंबाखू सोडलेल्याचा पांढरा. तिचे बाबा म्हणतात, या घरात हसायची चोरी झाली आहे, तोंड उघडलं की रंगाचा नंबर मिळतो.

घरात तिला आम्ही बिट्टी म्हणतो. लॅबमध्ये ती ओळीतल्या सगळ्यात डावीकडच्या टेबलावर बसते. ती जागा खिडकीपासून लांब, पंख्यापासून लांब, कोणालाच नको असलेली. तिने ती मागून घेतली. तिथे बसलं की सगळी माणसं तिच्या उजव्या हाताला येतात.

लहानपणी तिला गालगुंड झाले. ताप उतरला, सूज उतरली आणि जाताना डावा कान घेऊन गेली. उजवा ठणठणीत आहे. एक कान गेला म्हणजे निम्मं ऐकू येत असेल, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तिला सगळं ऐकू येतं, शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा. फक्त आवाज कुठून आला ते कळत नाही. तिच्या जगात प्रत्येक आवाज उजवीकडून येतो. मी स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि ही बाल्कनीत जाऊन मला शोधायची. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग एकदा मी रस्त्याच्या या बाजूने हाक मारली आणि ती पलीकडे वळून चालू लागली. त्यानंतर हसलो नाही.

तिचे बाबा वायरमन. त्यांनी स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक जादा बटण बसवलं. ते दाबलं की तिच्या खोलीतला दिवा लागतो. बाहेरच्या खोलीतून तसंच, न्हाणीघराबाहेरून तसंच. दोनदा उघडझाप म्हणजे इकडे ये. तिला शिकवलं ते एवढंच, की हाक ऐकू आली की पाऊल उचलायचं नाही. जागच्या जागी सावकाश फिरायचं, दिवा दिसेपर्यंत. दिसला की मगच निघायचं. आमच्या घरात आरडाओरडा नसतो. पाहुण्यांना वाटतं किती शांत कुटुंब आहे. बटणं झिजली आहेत, ती कोणी बघत नाही.

बाहेरच्या कोणाला तिने हे कधी सांगितलं नाही. माणसांच्या डावीकडून चालायचं, टेबलाच्या डाव्या टोकाला बसायचं, गर्दीत कोणी हाक मारली तर चपलेचा पट्टा नीट करायला वाकायचं आणि हाक मारणारा समोर येईपर्यंत वाकलेलंच राहायचं. इतक्या सफाईने करते की मीही कधी कधी फसते.

तर अशी ही मुलगी डोंगर चढायला लागली.

कारण अगदी साधं होतं. दिवसभर वीतभर अंतरावर बघून मान आखडली. डॉक्टर म्हणाले, लांबचं बघत जा. लॅबच्या जिन्यात दर रविवारी डोंगरावर नेणाऱ्या एका ग्रुपचा कागद चिकटवलेला होता. ही गेली. परत आली ती एका बुटाचा तळ दोरीने बांधून, नाक भाजलेलं आणि तोंड भरून बोलत. मला वाटलं, झाली हौस. पुढच्या रविवारी नवे बूट आले.

मग कॅमेरा आला. लॅबमधल्या एकाने लग्न ठरल्यावर जुना विकायला काढला होता, तो हिने घेतला. सुरुवातीचे फोटो मी बघितले आहेत. पक्ष्याचा फोटो म्हणून दाखवायची, त्यात फांदी असायची. पक्षी कुठे आहे विचारलं तर म्हणायची, आत्ताच गेला. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमची लेक रिकाम्या फांद्यांची फोटोग्राफर आहे, या विषयात तिचा हात कोणी धरू शकत नाही. सूर्योदय म्हणजे काळ्या कागदावर अंड्याचा बलक. तिला राग यायचा नाही. लांबचं बघायला गेलेली मुलगी शेवटी वीतभर अंतरावरच आली. खडकावरचं दगडफूल, शेवाळाचे कोंब, कोळ्याच्या जाळ्यातलं पाणी. गुडघे टेकायचे, श्वास धरायचा, एक डोळा मिटायचा. दातांपाशी बसते तशीच. ते फोटो मात्र बघत राहावेत असे येऊ लागले. दगडफुलातला राखट पांढरा कोणता आणि हिरवट पांढरा कोणता, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

आता माझं सांगते. मी विमा कंपनीत आहे, अपघाताच्या दाव्यांच्या विभागात. माणसं कशी पडतात हे मी दिवसभर वाचते. जिन्यावरून, शिडीवरून, स्टुलावरून, आणि एकजण तर उंबऱ्यावरून. कोणीही पडायला म्हणून घरून निघालेलं नसतं. तेव्हा रविवारी सकाळी दार लागलं की संध्याकाळी ते उघडेपर्यंत माझे कान दाराशीच असायचे. बाबा म्हणायचे, तुझ्या ऑफिसने तुला डोंगरावर न जाण्याचा पगार दिला पाहिजे. मी खिडकीत जाऊन उभी राहायचे.

एकदा जेवताना ती सहज म्हणाली की धुकं उतरलं तर कॅप्टन शिट्टी मारते आणि सगळे त्या दिशेने जमतात. कॅप्टन म्हणजे ग्रुप चालवणारी बाई, बँकेत कॅशियर आहे, खणखणीत आवाजाची. माझा घास हातातच राहिला. मी विचारलं, मग तू काय करतेस. ती म्हणाली, मी थांबते, दुसरे कुठे चाललेत ते बघते आणि त्यांच्या मागे जाते. दुसरे दिसलेच नाहीत तर, असं मी विचारलं तेव्हा तिने बाबांकडे वाटी सरकवली. मी म्हटलं, कॅप्टनला सांग तरी. मी सांगते हवं तर.

"तू सांगितलंस तर त्या मला नेणार नाहीत," ती म्हणाली. "शाळेत पोहायला नेलं नाही, कॉलेजात सहलीला नेलं नाही. सगळे काळजीनेच म्हणाले, आई. आता शपथ घे."

मी शपथ घेतली. तिचा डोंगर सुटू दे, असं मनात म्हणत घेतली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी खेळाच्या दुकानातून एक नारिंगी शिट्टी आणली. आजही विचार करते तेव्हा स्वतःचंच नवल वाटतं. ज्या घरात हाक मारायची नाही म्हणून भिंती फोडून वायरी घातल्या, त्या घरातल्या बाईने भीती वाटली तेव्हा शिट्टी आणली. भ्यालेला माणूस जगाचं ऐकतो, घरचं विसरतो. बिट्टीने ती हातात घेतली, बघितली आणि म्हणाली, छान आहे, तूच ठेव.

तिचे बाबा शेवटी कंटाळले. म्हणाले, "घरी बसून दर रविवारी मरतेस. एकदा तिच्याबरोबर जा आणि तिकडे मर. निदान हवा तरी चांगली आहे."

मी गेले. गुडघ्याला पट्टा, डोक्याला रुमाल, पाठीवर पिशवी. पिशवीत काय भरलं ते यांनी निघताना तपासलं, सफरचंदं कमी केली आणि त्यांची कामाची विजेरी आत टाकली. भर दिवसा विजेरी कशाला, म्हटलं तर म्हणाले, वायरमनची बायको आहेस, शोभेला असू दे. शिट्टी मी गळ्यात घातली होती.

चढ सुरू झाला आणि माझा सगळा विमा उघडा पडला. दहा पावलं चालायची आणि देखावा बघायच्या निमित्ताने उभं राहायचं. बाकीचे पुढे गेले. बिट्टी माझ्या डावीकडून चालत होती. दुरून कोणाला वाटलं असतं, आईला आधार देते आहे. कॅप्टन दोनदा मागे आली, माझा चेहरा बघून गेली. डोंगराच्या धारेवर पोचलो तेव्हा तिने सांगितलं की पुढे दगड रचलेला बुरूज आहे, तिथे सगळे जेवायला बसतील, तुम्ही सावकाश या, पायवाट सोडू नका. उजव्या हाताला दरी आहे, तिकडे गंमत म्हणूनही जायचं नाही.

दरी मी बघितली नाही. बघायची गरज नव्हती. उजव्या गालाला वारा लागत होता आणि त्या वाऱ्याला काही अडवत नव्हतं.

मी एका दगडावर टेकले. बिट्टीला थोडं पुढे, पायवाटेला लागूनच, एक खडक दिसला. त्याच्यावर दगडफुलाचे केशरी आणि राखट असे थर होते. तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी फुग्यावाल्याकडे बघायची तसं. मी मान हलवली. ती गेली, खडकापाशी बसली, उठली, दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा बसली. उजेड कुठून बरा पडतो ते शोधत खडकाभोवती फिरत होती. मी तिच्या लाल जाकिटावरची नजर काढली नाही. बाटलीचं झाकण लावण्यापुरती काढली.

वर बघितलं तर जाकीट नव्हतं. खडक नव्हता. माझे स्वतःचे बूट होते, आणि त्यांच्यापुढे दूध सांडावं तसं पांढरं.

मी हाक मारली. उत्तर नाही. वारा तोंडातून शब्द काढून नेत होता. पुन्हा मारली. आणि मग, देवाशपथ, माझा हात आपोआप गळ्याशी गेला आणि मी शिट्टी फुंकली. एकदा नाही. छातीत होता तेवढा सगळा श्वास घालून, थांबून, पुन्हा. आता तिला कळेल मी कुठे आहे, एवढं एकच डोक्यात.

"आले, आई, आले!" असा तिचा आवाज आला. घाबरलेला होता. कॅप्टनच्या शिट्टीला ती जागची हलली नसती, हे तिने मला नंतर सांगितलं. पण ही शिट्टी आईची होती आणि अशी वाजत होती की आई कुठेतरी पडली आहे. म्हणून ती उठून निघाली. मला तिची पावलं ऐकू आली, बारीक खडीवरची, भराभर. मी कान देऊन ऐकत होते. ती जवळ येत नव्हती. ती बाजूला जात होती. वाऱ्याच्या बाजूला.

तेव्हा मला कळलं की मी काय करते आहे.

मी किंचाळले, "थांब! हलू नकोस!" कुठूनही ऐकलं तरी या शब्दांचा अर्थ एकच होतो. पावलं थांबली. पण खडी थांबली नाही. एक दगड घरंगळला, आपटला, मग काहीच नाही, आणि मग फार खालून पुन्हा आपटला.

माझ्या ऑफिसात अशा वेळेसाठी एक वाक्य आहे, ते मी कित्येकदा वाचलं आहे आणि इथे लिहिणार नाही. ते वाक्य डोळ्यांपुढे आलं, टाइप केलेलं.

"बिट्टी?"

"आहे."

"दगड कुठे पडला?"

"इथेच. पायाशी." ती रडत नव्हती. लॅबमधून फोनवर बोलते तशी एकसुरी बोलत होती. "आई, तू आता बोलू नकोस. तू बोललीस की मला वाटतं तू दरीत आहेस. आणि माझे पाय तिकडे वळतात."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. माझं लेकरू मला दिसत नव्हतं, दरीच्या कडेला उभं होतं, आणि मला त्याला धीर द्यायचा नव्हता, बाळा म्हणायचं नव्हतं, रडायचंसुद्धा नव्हतं. माझा प्रत्येक शब्द तिला कडेकडे ओढणार होता. आयुष्यभर मी भीती बोलून काढली आहे. बोलायचं नाही म्हटल्यावर ती सगळी हातापायांत उतरली. मी दगडापाशी खाली बसले.

बसताना पिशवी कुशीला टोचली. विजेरी.

ती बाहेर काढेपर्यंत मी सफरचंद, रुमाल, औषधाची डबी, सगळं खाली पाडलं. बटण सापडेना. यांच्या कामाच्या विजेरीचं बटण मागच्या टोकाला असतं हे मला माहीत आहे, रोज बघते, तरी सापडेना. सापडलं. मी हात लांब केला, ती जिकडे असेल असं वाटत होतं तिकडे प्रकाश धरला आणि दाबलं. उघड, मीट. उघड, मीट. थांबले. पुन्हा दोनदा. धुक्याने तो प्रकाश खाऊन टाकला, समोर नुसता पिवळट गोळा झाला. तो तिच्यापर्यंत पोचतो की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी मनातल्या मनात स्वयंपाकघरात उभी राहिले. ओट्यापाशी. पोळी तव्यावर आहे, बिट्टी खोलीत आहे, बटण दोनदा. ये, जेवायला ये.

खडी कुरकुरली. एका जागीच. ती फिरत होती. मला इतकं स्पष्ट दिसलं जणू धुकं नव्हतंच: लहानपणी खोलीच्या मधोमध फिरायची तशी, पाय न उचलता, टाचेवर, सावकाश. हाक ऐकू आली की पाऊल उचलायचं नाही. मग कुरकुर थांबली. मी दोनदा दाबलं.

"दिसला," ती म्हणाली.

मी उत्तर दिलं नाही. दाबत राहिले. मग हात-गुडघ्यांवर येणाऱ्या माणसाचा आवाज, कापड दगडाला घासल्याचा, कॅमेरा कुठेतरी आपटल्याचा. तो आवाज मध्येच थांबायचा. दाबलं की पुन्हा सुरू व्हायचा. किती वेळ गेला ते विचारू नका. पांढऱ्यातून आधी लाल डाग आला, मग हात आला, आणि त्या हाताने माझा बूट पकडला. बूटच पकडला आधी. मग मी तिला पकडलं, आणि विजेरी आमच्या दोघींच्या मध्ये चालूच राहिली.

ती म्हणाली, "आता बोललीस तरी चालेल."

मी बटण आणखी दोनदा दाबलं.

थोड्या वेळाने पुढून कॅप्टनची शिट्टी आली. लांब, मग जवळ. आम्ही दोघी हललो नाही, मी तर तिच्या जाकिटाची बाही मुठीत धरून बसले होते. धुकं विरळ व्हायला लागल्यावर कॅप्टन स्वतः आली. घाबरलेली होती, म्हणून रागावली. एवढ्या शिट्ट्या मारल्या, ऐकू आल्या नाहीत का, नियम म्हणजे नियम, असं बरंच.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर पुढचा प्रत्येक रविवार माझा होता. मुलगी घरात, दार बंद. शपथ घेतली होती, पण अशा वेळी शपथ मोडणाऱ्या आईला कोणी दोष दिला नसता. मी तोंड उघडलंसुद्धा.

बिट्टीने माझ्याकडे बघितलं नाही. ती कॅप्टनच्या समोर जाऊन उभी राहिली, बाजूला नाही, अगदी समोर.

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," ती म्हणाली. "शिट्टी ऐकू येते. कुठून येते ते कळत नाही. म्हणून मी थांबले."

कॅप्टनने खाली पडलेली माझी सफरचंदं एकेक करून उचलली आणि पिशवीत टाकली.

"आणि हे मला आज सांगतेस," ती म्हणाली. "इतके रविवार माझ्या मागे चालत होतीस, आणि मला वाटत होतं ही मुलगी शिष्ट आहे, हाक मारली की बुटाची नाडी बांधते." तिने माझ्या हातातली विजेरी घेतली, वळवून बघितली. "हे कसं करायचं असतं, मला दाखवा."

तिथून बुरुजापर्यंत कॅप्टन पूर्णवेळ बिट्टीच्या उजव्या बाजूने चालली. दरी आणि माझी मुलगी यांच्यामध्ये. मी मागून दोघींचे पाय बघत होते.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच यांनी विनोद केला नाही. स्क्रू ड्रायव्हर घेऊन विजेरी उघडली, सेल काढले, पुसले, परत घातले. मग पुन्हा काढले.

त्या दिवशीच्या फोटोंमध्ये एकच चांगला आला. धुकं येण्याआधीचा, खडकावरच्या दगडफुलाचा. केशरी, राखट, कडेला दाताच्या कडेसारखी दुधी रेघ. मागे सगळं निळं, मऊ, कापसासारखं. लॅबच्या मालकाने तो मोठा करून मागितला. आमच्याकडेही जेवणाच्या टेबलासमोर लावला आहे. येणारा प्रत्येकजण म्हणतो, मागचा निळा काय सुंदर आला आहे. बिट्टी म्हणते, हो, तो आपोआप आला.

तो निळा किती खोल आहे ते मला माहीत आहे. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवते.

ती अजून जाते. ग्रुपमध्ये आता प्रत्येकाच्या पिशवीला विजेरी असते आणि शिट्टीनंतर दोनदा दिवा, असा नियम झाला आहे. मला वाटलं होतं, यानंतर भीती कमी होईल. झाली नाही. आता त्या भीतीला जागा आहे, वास आहे, खडीचा आवाज आहे. पण शनिवारी संध्याकाळी सेल बदलायचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे. नवे घालते, खोलीतला दिवा बंद करते आणि दारात उभी राहून दोनदा दाबून बघते. आत बिट्टी बूट पुसत असते. ती मान वर करते, "आले," म्हणते, आणि उठून येते.